दिव्याची शिट्टी

भांडण भरदुपारी झालं होतं आणि भिंत पातळ होती, त्यामुळे ते ऐकल्याचा दोष मी भिंतीला देते.

माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, पलीकडच्या खोल्यांत राहायचे. जाऊ गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती आणि तिथून ओरडत होती, "अहो, दूध बघा!" भाऊजी शेगडीपासून हाताच्या अंतरावर रेकॉर्ड लावून बसले होते. दूध उतू गेलं, शेगडी विझली, ओघळ पार त्यांच्या पाटाखाली गेला, तरी गडी जागचा हलला नाही.

"सुई कुठे घासते ते बरोबर ऐकू येतं, आणि बायको बोंबलते ते ऐकू येत नाही?"

"तुझ्या आवाजात खरखर नसते गं. म्हणून लक्ष जात नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला आजही कळलेलं नाही. जाऊला तेव्हाच कळलं असावं, कारण पातेलं आपटल्याचा आवाज आला.

"उद्या बहिरे व्हाल तेव्हा कळेल!"

"बहिरा झालो तर त्याच दिवशी हे सगळं बंद. शब्द देतो तुला. स्वतःला ऐकू येत नसताना लोकांचे आवाज दुरुस्त करायचे म्हणजे निव्वळ फसवणूक."

"लक्षात ठेवीन हं मी."

"ठेव की."

दूध पुसलं गेलं, पण तो शब्द काही पुसला गेला नाही. आमच्या घरात तो एक किस्साच होऊन बसला. पाहुणे आले की सांगायचा, नवं माणूस घरात आलं की सांगायचा. भाऊजींची सून घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिला तो सांगून झाला होता, आणि सांगताना सगळ्यात मोठ्यानं हसले होते ते स्वतः भाऊजीच. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्या हसण्यामुळे अडून बसलं.

भाऊजी आधी रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ आणायचं लोकांनी बंद केलं तेव्हा जुन्या रेकॉर्डी साफ करायला लागले. माळ्यावर धूळ खात पडलेली रेकॉर्ड लोक घेऊन यायचे. भाऊजी ती पसरट टबात कोमट पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवायचे. मधल्या कागदाला पाणी लागू नये म्हणून त्यावर स्टीलची वाटी उपडी धरायचे. धुतलेल्या रेकॉर्डी ताटाळ्यात उभ्या करून वाळवायचे. जाऊची ताटं मग कुठे ठेवायची, हा वेगळा विषय होता. वाळली की रेकॉर्ड लावायची आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. माझी शाळा तिसरीतच सुटली, तेव्हा कॉम्प्युटरचं मी मला कळलं तसं सांगते. त्यात एक सॉफ्टवेअर होतं, त्यांच्या मुलानं कधीकाळी घालून दिलेलं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसायची, करवतीच्या दातांसारखी. जिथे 'टक्' व्हायचं तिथे एक दात वर आलेला असायचा. भाऊजी कानाला हेडफोन लावून एकेक दात शोधायचे आणि काढायचे. तांदळातले खडे निवडतात ना, अगदी तसं. एकेका गाण्याला दिवसच्या दिवस जायचे.

त्यांचा एक नियम होता. खरखर काढायची, गाणाऱ्याच्या श्वासाला हात लावायचा नाही. "श्वास काढला की माणूस मेला," म्हणायचे.

काम झालं की रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून कापडी पिशवीत घालायची, आणि पोचवायला स्वतः चालत जायचं, ते रस्त्याच्या कडेनं, पिशवी भिंतीच्या बाजूला धरून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. तिथे गेल्यावरही नुसती देऊन यायचं नाही. पेनड्राइव्हवर घेतलेलं साफ गाणं त्यांच्यासमोर एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचं, आणि तोवर आपण दाराशी डोळे मिटून उभं राहायचं. चहा नको, पाणी नको. गाणं संपलं की "बरं, येतो."

सूनबाई सॉफ्टवेअरचं पहिल्यांदा बोलली, तेव्हा तिला घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी हुशार आणि बोलायला मऊ. नवरा कायम फिरतीवर, त्यामुळे ही सासूसासऱ्यांच्या आणि माझ्याच संगतीत.

"बाबा, तुमच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलंय. घेऊन टाकू या का? त्यात आवाजाचं चित्र दिसतं."

"चित्र बघायला मी काय सिनेमा काढतोय? मला ऐकायचं असतं."

"नाही, पण बारीक आवाज असतात ना, जे पटकन..."

"बारीक आवाजासाठी हे दोन आहेत." भाऊजींनी कानाच्या पाळ्या धरून दाखवल्या.

तिनं विषय सोडला. थोड्या दिवसांनी पुन्हा काढला, पुन्हा सोडला. पैशाचा प्रश्न नव्हता, ती स्वतः घेऊन द्यायला तयार होती. भाऊजी मला म्हणायचे, "वहिनी, आजकालच्या मुलांना सगळं नवं पाहिजे. बटण दाबलं की झालं पाहिजे." मीही मान हलवायची. मला तरी काय कळत होतं? मला वाटायचं, सूनबाईला जुनं आवडत नाही. भाऊजींनी गाणं लावलं की ती काही ना काही काम काढून बाहेर जायची. जाऊ एकदा म्हणालीसुद्धा, "हिला सुरांचं वावडंच आहे."

मग मोठ्या बाईंची रेकॉर्ड आली.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या हेडमास्तरीण, रिटायर होऊन जमाना झालेला. त्यांचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पूर्वी एक यंत्र असायचं म्हणे, त्याच्यासमोर वाजवायचं आणि मऊ काळ्या थरावर सुई तिथल्या तिथे खाच कोरत जायची. अशी रेकॉर्ड एकच असते, तिची जोडी नसते. बाई लहान असताना वडिलांनी ती रेकॉर्ड घरी करून घेतली होती. वाजवणं संपल्यावर शेवटी त्यांचा आवाज येतो, "झोप आता. उद्या वाजवीन." शाळेनं त्या वडिलांच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला होता आणि ती रेकॉर्ड साफ करून सभागृहात ऐकवायचं ठरलं होतं. ऐकवायची कुणी, तर भाऊजींनी.

महिनाभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. टेबलावर नवा दिवा होता, काही महिन्यांपूर्वी जाऊनं हौसेनं आणलेला. खाचा बघून बघून नवऱ्याच्या डोळ्यांना ताण येतो म्हणून. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात मान वाकवून बसलेले असायचे.

कार्यक्रमाला आम्ही म्हाताऱ्या पुढच्या रांगेत बसलो. मागे शाळेची मुलं. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर उभे. क्लॅरिनेट सुरू झालं आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. मोठ्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. त्यांचं बघून जाऊनं लावला, जाऊचं बघून मी.

मागे चुळबुळ सुरू झाली. वळून बघते तर काय, मुलांनी कानात बोटं घातलेली! एकानं नाही, रांगाच्या रांगांनी. काहींनी तोंडं वेडीवाकडी केलेली. एक छोटी तर डोकं गुडघ्यात घालून बसली होती. शिक्षिका डोळे वटारत होत्या, पण त्यांचाही एक हात कानाशीच होता. ते मी तेव्हा पाहिलं, आणि त्याचा अर्थ मला लागला नाही.

भाऊजींनी गाणं मध्येच थांबवलं. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी गाणं मध्ये थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी बाहेर जावं," माइकवरून म्हणाले. "एक माणूस जीव ओतून वाजवतोय, आणि तुम्ही कानात बोटं घालता? घरी कुणी वळण लावलं नाही का?"

मोठ्या बाई उठल्या. रिटायर झाल्या तरी हेडमास्तरीणच त्या. मुलांना उभं केलं आणि सगळ्यांकडून "आम्ही चुकलो" वदवून घेतलं. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी मुलं हात मांडीखाली दाबून बसली होती. ती छोटी रडत होती.

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतून जरा जास्तच झाल्या.

घरी जेवायला बसलो तरी भाऊजींचा राग उतरला नव्हता. "वळण नाही. आदर नाही. संगीताचा गंध नाही."

सूनबाई वाढत होती. तिनं पळी भांड्यात ठेवली.

"बाबा, मुलांची चूक नव्हती."

"म्हणजे?"

"त्यात शिट्टी वाजते. एकदम बारीक आणि टोकदार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आजच्याच नाही, गेले कित्येक महिने तुमच्या प्रत्येक कामात आहे. मला दोन मिनिटंसुद्धा ऐकवत नाही."

भाऊजी हसले. "कुठली शिट्टी? काय गं, तुला ऐकू आली?"

"नाही बाई," जाऊ म्हणाली.

"वहिनी, तुम्हाला?"

"मलाही नाही," मी म्हणाले.

"झालं! तिघांना नाही आली आणि तुला एकटीला आली!"

तीन म्हाताऱ्या माणसांनी मिळून त्या पोरीला खोटं पाडलं. आता आठवलं की लाज वाटते. पण त्या वेळी आम्हाला वाटलं, बहुमत आपलं आहे.

सूनबाई वाद घालत बसली नाही. हात धुतले आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. नवं व्हर्जन थोडे दिवस फुकट वापरून बघता येतं म्हणे. ते तिनं घातलं आणि बाईंच्या वडिलांचं क्लॅरिनेट त्यात उघडलं. पडद्यावर जणू रंगीत धूर पसरला. खाली दाट, वर विरळ. हा सूर, हा श्वास, हा टोकाला त्यांचा बोलण्याचा आवाज, असं ती दाखवत गेली. आणि सगळ्याच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ रेघ. कपडे वाळत घालायची तार ताणून बांधावी तशी.

"ही," ती म्हणाली.

"हे तुझ्या त्या नव्या व्हर्जननंच काढलं असेल," भाऊजी म्हणाले, पण आवाजात आता तेवढा दम नव्हता. "नुसतं मशीन चालू कर. रेकॉर्ड न लावता. बघू दे."

तिनं चालू केलं. पडदा काळा. रेघ नाही.

"बघ! नाहीये!"

आणि नीट दिसावं म्हणून वाकून त्यांनी टेबलावरचा दिवा लावला.

रेघ आली. सूनबाईनं हात कानावर नेला.

भाऊजींनी दिवा बंद केला. रेघ गेली. लावला. आली. दिव्याच्या विजेची कुरकुर तारेतून मशीनमध्ये शिरत होती म्हणे. किती वेळ ते एवढंच करत होते. लावायचा, बंद करायचा, आणि प्रत्येक वेळी मान एका बाजूला कलती करून ऐकायचा प्रयत्न करायचा. कधी उजवा कान पुढे, कधी डावा. आम्हा दोघी जावांच्याही माना तशाच कलत्या झाल्या होत्या. तिघांनाही काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

शेवटी जाऊ म्हणाली, "म्हणजे ती मीच आणली घरात?"

"दिवा तू आणलास," भाऊजी म्हणाले. "बहिरा मी आहे." मग सुनेकडे न बघता विचारलं, "इतके महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही आईंना शब्द दिलाय ना," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मी सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं सगळं. म्हणून म्हणत होते, नवं घ्या, नवं घ्या. चित्रात तुम्हाला आपोआप दिसलं असतं. कुणी सांगायला नको होतं."

भाऊजी उठले. रेकॉर्ड प्लेअरवर चादर घातली, तिची टोकं नीट खाली खोचली आणि जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतरचे दिवस काढवत नव्हते. माणूस आजारी नव्हता, चिडचिड करत नव्हता. नुसता तोंड लपवत होता. दारावर टकटक झाली की मोरीत जायचा. बाहेर पडणं बंद, कारण रस्त्यात ज्यांना ज्यांना काम करून दिलं ती माणसं भेटणार. एकदा मला म्हणाले, "वहिनी, मी त्या पोरांचं वळण काढलं हो. सगळ्यांसमोर." एवढंच. मीही तेव्हा मागे वळून डोळे वटारले होते.

मग मोठ्या बाईंचा निरोप आला, रेकॉर्ड परत पाठवा. भाऊजींनी पाकीट उघडलं. काळा थर जागोजागी फुगून सुटला होता, वाळलेल्या चिखलाला भेगा पडतात तसा. अशा रेकॉर्डींचं वय झालं की असंच होतं म्हणे. आता सुई ठेवायची सोय नव्हती. त्या माणसाचं वाजवणं जगात आता एकाच जागी उरलं होतं, भाऊजींच्या कॉम्प्युटरमध्ये, शिट्टीसकट.

"ती शिट्टी तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरनं निघते?" जाऊनं विचारलं.

"नाही. त्यात दिसतच नाही."

"नव्यात निघते?"

सूनबाईनं मान हलवली, निघते.

"मग घ्या की."

"आणि कान? मी शब्द दिलाय तुला. फसवणूक होईल ती."

जाऊ कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. त्या दुपारी भिंतीपलीकडे ती अशीच उभी असणार, असं मला वाटलं.

"शब्द कुणाला दिला होता?"

"तुला."

"मग तो मी परत करते. घ्या. फसवणूक केव्हा होते? लपवलं तर. तुम्ही सांगा लोकांना. आणि त्या बाईंच्या वडिलांना शिट्टीत अडकवून तुम्ही इथे चादर घालून झोपलात, तर त्याला काय म्हणायचं?"

"कोणत्या तोंडानं सांगू?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी नवं व्हर्जन घेतलं. दिवा माझ्या खोलीत आला, तो अजून आहे. माझी आणि त्या शिट्टीची काही तक्रार नाही.

आता भाऊजी बघायचे आणि सूनबाई ऐकायची. रेघ त्यांनी इतक्या हलक्या हातानं काढली, जसं बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं. सॉफ्टवेअर आपणहून आणखीही पुष्कळ काही पुसायला निघालं होतं. "श्वास राहू दे," भाऊजी म्हणाले आणि तिथे त्याला थांबवलं. पण पूर्वीसारखी त्यांची मान डोलत नव्हती. मध्ये मध्ये विचारायचे, "आहे का गं अजून?" आणि हे विचारताना दर वेळी त्यांचा चेहरा उतरायचा.

मग दारोदार जाणं सुरू झालं. ज्यांची ज्यांची कामं दिव्याच्या उजेडात झाली होती त्या प्रत्येकाकडे. "माझे कान गेलेत. तुमच्या गाण्यात शिट्टी राहिली. नीट करून देतो." एक म्हातारे गृहस्थ ऐकेचनात.

"अहो, मी रोज ऐकतो! मला तर काही ऐकू येत नाही!"

"मलाही नाही," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर आलोय."

काही जणांना पहिल्यापासून ऐकू येत होतं. "आम्हाला वाटलं, जुनं आहे, असायचंच," म्हणाले. असं कुणी म्हटलं की भाऊजी घरी येऊन जेवायचे नाहीत.

शाळेत जायची वेळ आली तेव्हा मला सोबत चला म्हणाले. वर्गात मुलं उठून उभी राहिली. त्यांना पाहताच त्या छोटीनं कान झाकले.

"बसा," भाऊजी म्हणाले. "उभं मी राहायचं आहे. त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. शिट्टी होती. मला ऐकू आली नाही, कारण माझे कान म्हातारे झालेत, आणि ते मला कबूल नव्हतं. वळण तुम्हाला नाही, मला नव्हतं. मी चुकलो."

मागून एकानं विचारलं, "मग आता काढली का?"

"ते तुम्हीच सांगायचं."

मोठ्या बाई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, फुगलेली रेकॉर्ड मांडीवर घेऊन. क्लॅरिनेट सुरू झालं. भाऊजी नेहमीसारखे दाराशी उभे राहिले, पण डोळे उघडे होते आणि नजर मुलांच्या हातांवर. हात बाकांवरच राहिले. छोटीनं एका कानावरचा हात काढला, थोडं थांबून दुसऱ्यावरचा. "झोप आता. उद्या वाजवीन," असं शेवटी आलं तेव्हा मोठ्या बाईंनी मान खाली घातली. भाऊजींची तर आधीपासूनच खाली होती.

त्यानंतरही काही वर्षं त्यांनी काम केलं. नवं काम घेताना आधीच सांगायचे, "मी ऐकत नाही, बघतो. ऐकायला सून आहे." काही लोक काम परत घेऊन जायचे. जाणाऱ्या माणसाच्या पाठीकडे भाऊजी बघत राहायचे. कुणी घरात तो जुना शब्दाचा किस्सा काढला तर उठून जायचे. हळूहळू आम्ही तो सांगायचं सोडलं.

त्यांचं शेवटचं काम आमच्या शिंप्याचं होतं, त्याच्या आईची अंगाईची रेकॉर्ड. त्या दिवशी मी तिथेच होते, ब्लाउज उसवून घ्यायला गेले होते. भाऊजी भिंतीच्या कडेनं आले, पिशवी भिंतीच्या बाजूला. पुठ्ठे सोडले. चहाला नको म्हणाले. दाराशी उभे राहिले आणि विचारलं, "घरात कुणी लहान आहे का?"

शिंप्यानं आतून नातीला हाक मारली. ती हातात अर्धी झिजलेली पेन्सिल घेऊन आली आणि शिलाई मशीनच्या पायडलवर बसली. अंगाई वाजली. भाऊजी तिच्याकडे बघत होते, ती कापडाच्या चिंध्यांकडे.

संपलं तसं त्यांनी विचारलं, "टोचलं का कुठे?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना, आजोबा."

"बरं, येतो," भाऊजी म्हणाले, रिकाम्या पिशवीची घडी खिशात घातली आणि भिंतीच्या कडेनं घरी गेले.